साहेबाच्या चित्रातला मानाचा बैल

भादवी पोळा उद्यावर आला आणि वेशीतून पहिला बैल कुणाचा जाणार, यावरून चाकणजवळच्या आमच्या गावात तात्याबा आणि कोंडीरामची पुन्हा जुंपली. दोघांचे आजेही हेच भांडत होते.

साल छप्पन. यंदा तात्याबा पुरावाच घेऊन आला. पुतण्यानं खडकीच्या लिलावातून आणलेलं, कुणा गोऱ्या साहेबानं रंगवलेलं भलंमोठं चित्र. घरात चुलीवर टांगून टांगून धुरानं जागोजागी काळं पडलेलं. त्यानं ते चावडीत भिंतीला टेकवलं.

"हा आपलाच गाव. ही वेस, ही भामा नदी. आन् सगळ्यांच्या म्होरं हे पाठीवरचं वशिंड बघा. आमच्या खोंडांबिगर एवढं वशिंड कुणाचं हाय?"

गाव वाकून बघायला लागलं.

"ही खजुराची झाडं कुठली रं?" कोंडीरामनं विचारलं.

"तवा व्हती. तोडली."

"आन् नदीकाठी गालिच्यावर लोळत हुक्का पितीय, ती कोण?"

"आमची पणजी."

"मग तुमची भांगलण कोण करत व्हतं?"

चावडी खदखदून हसली. तात्याबा तापला आणि त्यानं शपथेचा बेलभंडाराच उचलला. "चित्रात म्होरं जे जनावर, तेच उद्या म्होरं जाईल. मग ते कुणाचंबी असू दे!"

कोंडीरामनंही उचलला. बघून बघून ते वशिंड त्याला स्वतःच्याच बैलाचं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात कोंडीरामची आई गवराबाई पुढं झाली. "बैलाचं त्वांड तरी बघू द्या." पदर ओला करून ती काजळी पुसायला लागली. वशिंडापुढं मान निघाली. ती पुसत गेली तशी मान लांबतच गेली, आणि पार वरती लोंबत्या ओठांचं एक तोंड आलं.

"अगं बया! ह्यो तर उंट!"

बेलभंडारा तर उचलून झालेला. आता उंट आणायचा कुठून?

मागनं सोनबा कुंभार हळूच बोलला, "मंडळी, उंटाच्या मागं गाढव दिसतंय. आन् गावात गाढव माझ्याकडंच हाय."

दुसऱ्या दिवशी वेशीत सगळ्यात पुढं सोनबाचं गाढव. अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ. शिंगं नसल्यामुळं बेगड कानांना लावलेला. कोंडीरामचा बैल पहिला नाही म्हणून तात्याबा खूश, तात्याबाचा नाही म्हणून कोंडीराम खूश.

ऐन वेशीत गाढव अडून बसलं. दोघं धावले आणि मागून ढकलायला लागले.

"जरा दमानं, तात्याबा," कोंडीराम म्हणाला. "मानकरी हायेत ते."