नव्याचा पहिला घास

"भाऊजी, एक पान कमी हाय," जमुनाबाई चुलीपाशी बसूनच म्हणाली.

धाकट्या दिराने, केशोरावने, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ओसरीत पूर्वजांची पळसाची पानं मांडून झाली होती. आजाचं, बापाचं, लहानपणीच गेलेल्या चुलत्याचंसुद्धा. तिच्या नवऱ्याचं, शालीकरामचं, तेवढं नव्हतं.

नवा हा झाडीपट्टीतला, भातशेतीच्या मुलखातला मोठा सण. लवकर पिकणारा हलका धान कापून घरी आला की त्याचा पहिला भात आधी मेलेल्यांना, मग जित्यांना. नव्याला ज्याचं पान मांडत नाहीत तो त्या घरचा राहत नाही, आणि त्याची विधवाही. केशोरावला हे पक्कं ठाऊक होतं. थोरल्याच्या वाट्याच्या शेतावर त्याचा डोळा होता.

"पाण्यात मेला त्याचं पान मांडत नाई, वयनी. घर बाटते."

जमुनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. गेल्या साली श्रावणात तलावाची पाळ खचू लागली. गावच्या मालक असलेल्या मालगुजाराच्या हाकेला नाही म्हणायची कोणाची टाप होती? शालीकराम मातीची टोपली घेऊन उतरला तो ढासळत्या मातीसकट पाण्यात गेला. पाळ मात्र वाचली, आणि तिने अडवलेल्या पाण्यावरच यंदाचा धान पिकला. रोवला जमुनाबाईने, कापला तिने, सकाळपासून उपाशीपोटी कांडलाही तिनेच. आणि घर बाटणार ते शालीकरामच्या पानाने! चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

नव्याचा भात रांधणारीने मिठापुरतंही चाखायचं नसतं. जमुनाबाईने झाकण काढलं, हंडीत हात घातला आणि सगळ्यांच्या देखत पहिला घास स्वतःच्या तोंडात टाकला.

केशोराव ताडकन उठला. भात उष्टा केला, देव-पितर उपाशी ठेवले, आत्ताच्या आत्ता घराबाहेर हो, असं बरंच काही तो ओरडला. ती चावत राहिली.

कोपऱ्यात तिची सासू, सुशीलाबाई, बसली होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. तिने एक पान पुसून बापाच्या पानाशेजारी मांडलं आणि त्याच हंडीतला भात त्यावर वाढला.

"माह्या शालीकले इचं उष्टं चालते," ती केशोरावला म्हणाली. "तुले नसन चालत त उपाशी राय."

जमुनाबाईने तोंडातला घास गिळला आणि जित्यांची पानं मांडायला घेतली, पहिलं सासूचं.