माणिकरावांची राखण

"मी येऊन राहिले म्हन्लं ना तुमच्यासंगं! आता त्याच्यात बोलायचं काही ठेवू नका," गोजरबाई घमेल्यात कोळसे भरता भरता म्हणाली.

"अगं, बाईमाणसानं रानात झोपायचं असतं व्हय?" माणिकराव कळवळून म्हणाले. "डुकरं येतेत, रोही येतेत. आन थंडी कशी पडून राहिली! घंटाभरात गारठून जाशील तू."

"मंग तुमी काहून न्हाई गारठत?"

यावर माणिकराव उगीच टॉर्च उघडून सेल खालीवर करीत बसले. सून मंजुषा चुलीपाशी थर्मासात चहा ओतत होती, ती पदराआड हसली.

आखाडा बाळापूरच्या अलीकडं त्यांचं गाव, आणि गावापासून अर्ध्या कोसावर त्यांचं तीन एकर हरभऱ्याचं रान. पौषात घाटे भरायला लागले की रानडुकरांची धाड पडते. एका रात्रीत अर्धा एकर उलथून टाकतात. म्हणून राखण. आणि राखण म्हटलं की अख्ख्या गावात नाव निघायचं ते माणिकरावांचं. त्रेसष्टाव्या वर्षी हा गडी एका घोंगडीवर खोपीत रात्र काढतो आणि पहाटेपर्यंत हाळ्या देतो, हे सगळ्यांना माहीत होतं. हाळी गावापर्यंत ऐकूच यायची. मोबाईल बघत पडलेल्या तरण्या पोरांना त्यांचे बाप माणिकरावांचा दाखला द्यायचे. पारावर ते आले की लोक सरकून जागा करायचे.

आता खरं काय ते सांगून टाकायला हरकत नाही. तीन हिवाळे झाले, माणिकराव खोपीत झोपलेलेच नव्हते. शेजारच्या खाजा मियानं बांधाला लागून नवा गोठा बांधला होता. आत तीन म्हशी, खाली गुडघाभर कडबा. तिथं माणिकरावांची खाट होती आणि खाटेवर खाजा मियाच्या घरची जाड रजई. हाळीचं काम भोंगा करायचा. भाजीवाल्याच्या गाड्यावर असतो तसला भोंगा त्यांनी नांदेडहून गुपचूप आणला, त्यात आपला आवाज भरला आणि बांधावरच्या बाभळीला टांगला. फवारणीच्या पंपाच्या बॅटरीवर तो रात्रभर दर पाच मिनिटांनी "हाऽऽट! हुर्र हुर्र!" करायचा. डुकरं येत नव्हती, माणिकराव घोरत होते आणि गावात नाव होत होतं.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण दिवाळीनंतर त्यांची छाती भरली. कळमनुरीच्या डॉक्टरनं विचारलं, "बाबा, बिडी ओढता का?" गोजरबाई शेजारीच उभी. माणिकराव म्हणाले, "बिडी कुठं साहेब, थंडीत रानात झोपतो ना, त्याच्यानं झालं." डॉक्टरनं मान डोलावली आणि बाईकडं वळून सांगितलं की आता पुन्हा थंडी बसली तर मी हमी देणार नाही. गोजरबाईच्या काळजात ते जाऊन बसलं. राखण तर सोडता येत नाही, पोरगा वैजनाथ कामाला पुण्याकडं. तेव्हा आपण सोबत जायचं आणि नवऱ्याला ऊब द्यायची, असं तिनं ठरवून टाकलं.

माणिकरावांची अशी कोंडी झाली. खरं सांगावं तर तीन वर्षांची अब्रू एका वाक्यात जाणार होती. न सांगावं तर बायको खोपीत येणार होती.

दुपारीच ते खाजा मियाकडं जाऊन आले.

"खाजाभाऊ, आज माझी घरवाली येऊन राहिली. गोठ्याचं काही बोलू नको रे."

"अरे यार माणिकभाऊ, भाबीसंगं झूट बोलायला लावतोस का मला?" खाजा मियानं दाढी खाजवली. "बरं. तू म्हन्तोस तर मी तुला वळखतच न्हाई, झालं?"

"वळखत न्हाई म्हनू नको बाबा! तीस वर्षांचा शेजार हाय आपला. गोठ्याचं तेवढं बोलू नको."

"न्हाई बोलत. जबान दिली."

घाईत माणिकराव भोंग्याचं बोलायचं विसरले.

सांज होता होता नवरा-बायको रानात पोचली. गोजरबाईच्या डोक्यावर दोन वाकळा, काखेत थर्मास. माणिकरावांच्या डोक्यावर कोळशाचं घमेलं. वारा कयाधू नदीकडून येत होता आणि कानाला चावत होता. हरभऱ्यावरून चालताना धोतराला पानांवरची आंबट ओल, आंब, लागत होती.

गोजरबाईनं खोपीत टॉर्च मारला आणि ती दारातच थांबली.

"अवो, इथं झोपता तुमी?"

"व्हय की."

"ह्या कोपऱ्यात कोळ्यानं घर केलंय, त्या कोपऱ्यात उंदरानं. खाली चिपाड बी न्हाई. कुडाला ही एवढी भगदाडं! आन तुमचं अंथरूण कुठशीक टाकता?"

"हे काय, इथंच," म्हणत माणिकरावांनी अंदाजानं एक जागा दाखवली. तिथं घुशीचं बीळ होतं.

गोजरबाईचे डोळे भरून आले. एवढी वर्षं आपला माणूस असल्या जागेत पडून राहिला आणि घरी येऊन कधी शब्दानं बोलला नाही! तिला रडू आलेलं पाहून माणिकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकदा तर सगळं तोंडावर आलं होतं, पण ते त्यांनी तमाखूसोबत थुंकून टाकलं.

मग गोजरबाईनं पदर खोचला. भगदाडांत पोती कोंबली, भुईवर कडबा पसरला, त्यावर वाकळ. कोळसे पेटवून घमेलं आत आणलं. दाराला ताडपत्री लावून कडेनं दगड ठेवले. कुठून म्हणून वारा आत यायला जागा ठेवली नाही.

"घ्या. आता कशी थंडी येते बघू."

खोपी खरंच उबदार झाली. दोघांनी भाकर-ठेचा खाल्ला, चहा घेतला. गोजरबाई बोलत होती, नातवाच्या शाळेचं, मंजुषाच्या माहेरचं. बोलता बोलता तिला जांभया यायला लागल्या.

"डोकं लई जड झालंय वो," ती म्हणाली. "मळमळून बी राहिलंय."

"दमलीस. पड जरा."

माणिकरावांचंही डोकं ठणकत होतं. त्यांना वाटलं, खोटेपणाचं ओझं असेल. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली. गोजरबाईनं नुसता हुंकार दिला. दुसऱ्या हाकेला तोही आला नाही.

तेव्हा त्यांना खाजा मियाचं बोलणं आठवलं. गोठ्यात पहिल्या रात्री माणिकराव शेगडी आणायला निघाले, तर खाजा मिया केवढ्यानं ओरडला होता. "आग बाहेर ठेवायची माणिकभाऊ! बंद जागेत कोळसा मानसाला झोपवतो, मंग उठू देत न्हाई."

माणिकरावांनी लाथेनंच ताडपत्री उडवली. बायकोला काखेत धरून फरफटत बाहेर काढलं आणि बांधावर बसवलं. "गोजर! ए गोजर!" तिचं नाव त्यांनी लग्नाच्या उखाण्यानंतर तोंडातून काढलं नव्हतं. गार वारा लागला तशी ती ओकली, मग मोठ्यानं श्वास घेतला आणि डोळे उघडले. माणिकराव तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि लहान लेकरासारखे रडत होते.

तेवढ्यात बाभळीवरून माणिकराव ओरडले, "हाऽऽट! हुर्र हुर्र!"

गोजरबाईनं बाभळीकडं पाहिलं. मग नवऱ्याच्या मिटलेल्या तोंडाकडं पाहिलं. पुन्हा बाभळीकडं.

आठ वाजून गेले तरी भोंगा गप्प आहे, शेजारी विसरला असेल, म्हणून खाजा मियानं शेजारधर्मानं तो चालू केला होता. त्याचा शब्द फक्त गोठ्यापुरता होता.

"हे कोन वो?" गोजरबाईनं क्षीण आवाजात विचारलं.

थंडी वाढत चालली होती. बायकोचे हात गार पडले होते, खोपीत परत नेता येत नव्हतं आणि गाव अर्धा कोस लांब. माणिकराव म्हणाले, "सांगतो. समदं सांगतो. पयले तू चल." आणि तिला धरून सरळ गोठ्याकडं निघाले.

खाजा मियानं कंदील वर केला. "या अल्ला, भाबी! काय झालं?" ऐकून त्यानं तिला खाटेवर बसवलं, रजई दिली, बाहेरच्या चुलीवर गुळाचा चहा ठेवला. "तकलीफ वाटली तर सांगा भाबी, पोराला गाडी घेऊन बोलावतो. बाळापूरला दवाखान्यात जाऊ."

"आता बरं हाय भाऊ," ती म्हणाली. गोठ्यात म्हशींच्या अंगाची ऊब होती, वर पत्र्याखाली हातभर झरोका उघडा होता. गोजरबाईनं खाटेकडं पाहिलं. उशाला नवऱ्याची मळकी टोपी, खुंटीला त्याचा आरसा, खाली बिडीचं बंडल. तीन वर्षांचा संसार होता तो.

माणिकरावांनी सगळं सांगितलं. खाली मान घालून, एका दमात.

गोजरबाईनं उशाची टोपी उचलून पाहिली. मग म्हणाली, "रातच्याला जाग आली की मी कान देऊन ऐकायची. तुमची हाळी आली म्हंजी माझा जीव भांड्यात पडायचा. मानूस जित्ता हाय म्हनायची आन कूस बदलून झोपायची. भोंग्यावर झोपत होते व्हय मी?"

माणिकरावांना त्यापेक्षा चार शिव्या चालल्या असत्या.

"आन बिडी बी ओढता," ती म्हणाली, आणि बंडल उचलून म्हशीच्या शेणात टाकलं. खाजा मियानं तोंड फिरवून हसू दाबलं.

मग ती झोपली. माणिकराव कडब्यावर बसून राहिले, खाटेच्या पायाला टेकून. तिचा श्वास नीट चालतोय का ते ऐकत. जरा आवाज बारीक झाला की नाकाशी हात धरत. म्हशी रवंथ करून झोपल्या, खाजा मिया घोरायला लागला, पण माणिकरावांनी पापणी मिटली नाही.

सकाळी दोघं गावाच्या तोंडाशी आली. हापशावर गल्लीतली नानीबाई चार बायकांत उभी होती.

"काय गं गोजर, कशी गेली रात? खरंच जागतो का म्हातारा?"

आपली अब्रू आता हापशाच्या पाण्यात वाहून जाणार, हे माणिकरावांना कळून चुकलं.

गोजरबाईनं नवऱ्याच्या सुजलेल्या, लालभडक डोळ्यांकडं पाहिलं.

"जागतेत बाई," ती म्हणाली. "रातभर डोळ्याला डोळा न्हाई लावला त्यांनी. माझ्या डोळ्यानं पाह्यलं. शपथ घेऊन सांगते."

नानीबाईनं घागर कमरेवर घेतली. "त्याच्यात काय नवल? दरसालचंच हाय त्यांचं," म्हणाली आणि निघून गेली.

माणिकराव तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघतच राहिले. गोजरबाई मात्र पदर तोंडाला लावून घरापर्यंत हसत गेली.