प्रेसमध्ये गेलेला टोप

मित्रांनो, टोप म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर भाताचा टोप येत असेल, तर आधीच सांगतो, तो मी नव्हे. माझ्यात कधी काही शिजलं नाही. मी डोक्यावर घालायचा टोप, इंग्लंडच्या राजाच्या खास घोडदळातला, आता चांगलाच म्हातारा झालेला. राहतो आयर्लंडमध्ये, किलकेनी गावात. मराठी कशी येते म्हणाल, तर ती शेजारच्या उल्काकडून शिकलो. ती बोलायची, मी ऐकायचो. ऐकण्याशिवाय मला दुसरं काम तरी काय होतं!

पांढऱ्या धातूचं अंग, कपाळावर पितळी तारा आणि शेंड्यावर घोड्याच्या केसांचा लालभडक तुरा, असा माझा थाट होता. आमच्या पलटणीचे डगले निळे, म्हणून लोक तिला 'ब्लूज' म्हणत. आणि पलटण काय कालची नव्हे! शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, त्याच्याही आधीपासून ती राजाच्या पदरी होती. वॉटर्लूला ती नेपोलियनच्या फौजेवर तुटून पडली होती, हे तर आमच्या तबेल्यात जो तो छाती फुगवून सांगे. माझ्या वाट्याला लढाई आली नाही, पहारा आला. काळ्याभोर घोड्यावर तासन् तास बसायचं आणि हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी हात वर करायची सोय नव्हती.

माझा स्वार मॅट फेलन, इथलाच, किलकेनीचा. आयरिश माणूस इंग्रज राजाच्या पलटणीत कसा, असं विचाराल. अहो, तेव्हा सगळं आयर्लंड इंग्रजांच्याच ताब्यात होतं. कितीतरी जण पोटासाठी जायचे. मॅट तर घोड्यांच्या वेडापायीच गेला. तो मला इतकं चकचकीत ठेवी की माझ्यात बघून दाढी करावी. एकदा एका घोड्याने लाथ झाडली, मला हा भलामोठा पोचा पडला आणि साहेबांनी मला मोडीत काढलं. मॅटने मला मागून घेतलं. मग महायुद्ध झालं. ते संपल्यावर तो मला पोत्यात घालून घरी घेऊन आला.

घरी स्वातंत्र्याची लढाई पेटली होती. मॅटचा धाकटा भाऊ इंग्रज शिपायांच्या गोळीने गेला. आता सांगा, अशा घरात मला कोण मिरवणार? मॅटने माझा तुरा चुलीत घातला आणि मला माळ्यावर दडवलं. "लंडनला घोडे सांभाळत होतो," एवढंच तो लोकांना सांगायचा. त्याला माझी लाज वाटत होती, हे मला कळत होतं आणि फार लागत होतं.

मॅटनंतर मी त्याच्या मुलीच्या, डेलियाच्या हाती आलो. तिने मला गरम पाण्याच्या टाकीजवळच्या कपाटात, चादरींच्या मागे ठेवलं. तिची चुलतबहीण पेग ही त्या गोळी लागलेल्या भावाची मुलगी. दोघींनी लग्न केलं नव्हतं, दोघी एकमेकींना धरून होत्या. दर गुरुवारी पेग चहाला यायची आणि मी अंधारात बसून त्यांचं हसणं ऐकायचो. पेगला माझा पत्ता लागला तर ती नातंच तोडून टाकेल, हा डेलियाच्या जिवाला कायमचा घोर होता. १९८२ साली लंडनमध्ये आमच्या पलटणीवर बॉम्ब फुटला. माणसं मेली, घोडे रस्त्यावर तडफडले. बॉम्ब ठेवणारे आयर्लंडच्या नावाने लढत होते. त्या दिवशी डेलिया कपाट उघडून माझ्यावर हात ठेवून रडली. दुसऱ्या कुणापाशी रडणार होती बिचारी?

१९९९ मध्ये शेजारी पुण्याचं जोडपं राहायला आलं, उल्का आणि शैलेंद्र. तो इस्पितळातल्या कॉम्प्युटरचं काम बघायचा, ती दिवसभर घरी. डेलियाशी तिची गट्टी जमली. एकदा उल्काने तिला आपल्या आजोबांचा फोटो दाखवला. सुभेदार, छातीवर पदकं, फोटोला चंदनाचा हार.

"म्हणजे इंग्रजांच्याच सैन्यात ना?" डेलियाने हळूच विचारलं.

"हो, मग? आमच्या दिवाणखान्यात पहिला मान त्यांचा!"

दुसऱ्या दिवशी डेलियाने उल्काला बोलावलं, मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. फक्त पेगपासून लपवलंय, एवढं तिच्या तोंडून निघालं नाही. मला किती वर्षांनी ऊन लागलं म्हणून सांगू!

त्याच संध्याकाळी डेलिया अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिला इस्पितळात नेलं आणि मी टेबलावर तसाच राहिलो. तिथून तिने उल्काला फोन केला. मग काय, उल्का नवऱ्याला घेऊन माझ्यासमोर हजर!

"अरे शैलेंद्र, आजींना हा टोप प्रेसला द्यायचाय! गुरुवारी पेगबाई त्यांचे कपडे न्यायला घरी येणार, त्याच्या आत. सरप्राइज असणार त्यांच्यासाठी."

"नीट ऐकलंस ना? नाहीतर घालशील घोळ."

"दोनदा म्हणाल्या रे. प्रेसमध्ये टाक, प्रेसमध्ये टाक."

आता पुण्यात प्रेस म्हणजे एक तर वर्तमानपत्र, नाहीतर इस्त्री. टोपाला इस्त्री कोण करतं? उल्काने गावच्या साप्ताहिकाला फोन लावला. चिंच लावून मला लखलखीत घासलं. फोटो निघाला, आणि बुधवारी मी पहिल्या पानावर झळकलो, खाली मॅटचं नाव आणि पलटणीचं नाव.

मित्रांनो, आयर्लंडमध्ये प्रेस म्हणजे कपाट! चादरी ठेवायचं साधं कपाट. मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे?

गुरुवारी पेग आली नाही. इस्पितळातही गेली नाही. डेलिया घरी आली, प्रेस म्हणजे कपाट आणि पेगला काहीच माहीत नव्हतं, हे तिने सांगितलं, तेव्हा उल्का रडत तिच्या पाया पडली. "आजी, मी आत्ता जाऊन पेगबाईंना सांगते, चूक माझी आहे."

"नको, लव्ह. छापलंय ते खरंच आहे. तू काय सांगणार, की मी तिच्यापासून लपवत होते? येईल ती. सगळं ग्रँड होईल, ठीक होईल. माझी शपथ आहे तुला."

पेग आली नाही. चर्चमध्ये ती दुसऱ्या बाकावर बसायला लागली. डेलिया मात्र गुरुवारी दोन कप मांडायची आणि दोन्ही स्वतःच उचलून धुवायची. असं वर्षानुवर्षं चाललं. २००६ मध्ये डेलिया गेली आणि मी उल्काकडे आलो.

पुढच्या वर्षी उल्काने शपथ मोडली. मला पिशवीत घालून ती पेगच्या दारात गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"प्रेसमध्ये?" पेग म्हणाली. "चादरींच्या प्रेसमध्ये?" आणि ती मटकन खुर्चीत बसली.

"काका त्या पलटणीत होता, हे मला लहानपणापासून माहीत होतं गं. आईनेच सांगितलं होतं. डेलियाला अवघड वाटेल म्हणून मी कधी विषय काढला नाही. मला लागलं ते एवढंच, की तिने साऱ्या गावाला सांगितलं आणि मला नाही."

मी आता पेगच्या खिडकीत असतो. ती मला पुसते आणि पुसता पुसता डोळेही पुसते. माझी काळजी करू नका, मी धातूचा आहे, टिकेन. पण तुमच्याकडे कुणी यायचं थांबलं असेल, तर वाट बघत बसू नका. चपला घाला आणि जाऊन विचारा. डेलिया आणि पेग एकाच रस्त्यावर राहत होत्या, मित्रांनो. किटलीतला चहा गार व्हायच्या आत पोचता येईल, एवढंच अंतर होतं.