पडद्याविना सूर्यदर्शन

सकाळी सव्वाअकरा वाजता, तमिळनाडूतल्या बोडी गावी, वेलची बाजारामागच्या मैदानात, कदिरवेल सामी नावाच्या बाबांनी सूर्याला पुन्हा कामाला लावलं. तीनशे माणसं रांगेत होती. तिपाईवर भगव्या कापडात गुंडाळलेली दुर्बीण होती आणि तिच्या तोंडावर चकचकीत फिल्म. तिला सामी 'देवाचा पडदा' म्हणत. आत डोकावलं की नारिंगी सूर्य दिसे आणि मधोमध एक काळा डाग.

"तो डाग सूर्याचा नाही, तुझ्या पापाचा!" सामी प्रत्येकाला सांगत. दहा आकडे मोजून झाले की शिष्य त्या भक्ताला पुढे ढकली आणि दुर्बीण किंचित सरकवी. पैसे भरून पूजा करून आलेल्याला दुसऱ्या दिवशी डाग दिसत नसे. इतक्या तातडीने तहसील कचेरीत साधा दाखलाही मिळत नाही.

डोंगरावरच्या सौर वेधशाळेत बत्तीस वर्षं सूर्याची छायाचित्रं काढून निवृत्त झालेले सेल्लदुरै रांगेत उभे होते ते शेजारणीसाठी. ही मरगदम वेलची निवडायला जाई. दाणा हिरवा की फिका, हे नजरेनेच ठरवायचं, आणि नजर अंधूक होत चाललेली. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. सामी म्हणाले, पडदा काढून थेट दर्शन घे, जाईल.

"मरगदम, अजून ऐक. घरी चल."

"अण्णा, तुम्ही बत्तीस वर्षं सूर्य बघितलात. मी एकदा बघितला तर तुमच्या पोटात दुखतं होय?"

"उघड्या दुर्बिणीतून मी एकदाही बघितला नाही."

त्यांची पाळी आली. दहा आकडे झाले, शंभर झाले, तरी ते हलेनात.

"म्हातारबुवा, तिथंच बिऱ्हाड करताय का?" मागून कुणीतरी ओरडलं.

शिष्य दुर्बीण सरकवायला आला. सेल्लदुरैंनी त्याचं मनगट धरलं.

"पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बिणीतला सूर्य सरकतो," ते मोठ्याने म्हणाले. "सूर्य कडेला पोचला. डाग अजून मधोमधच. सूर्यावरचा असता तर त्याच्याबरोबर गेला नसता?"

त्यांनी डोळा लावायची नळी उपसून काढली. आतल्या काचेवर शाईचा ठिपका होता. शिष्याच्या खिशात तशीच दुसरी नळी सापडली, स्वच्छ.

"शंकेखोरांना देव शाईच दाखवतो!" सामी गरजले आणि त्यांनी फिल्म ओरबाडून काढली. "ये मरगदम, भक्ताला पडदा कशाला?"

सेल्लदुरैंनी नळी परत बसवली, दुर्बीण सूर्यावर धरली आणि प्रसादाच्या केळीच्या पानाचा सुकलेला तुकडा नळीमागे ठेवला. तिसऱ्या आकड्याला धूर निघाला. पाचव्याला भोक पडलं.

"डोळ्यातल्या दृष्टिपटलाला वेदना नसते. जळताना कळतसुद्धा नाही."

मरगदम हळूच म्हणाली, "अण्णा, काल डाव्या डोळ्यानं घेतलं दर्शन. आज उजव्याची पाळी होती."

"किती वेळ बघितलंस?"

"सामी पुरे म्हणेपर्यंत."

सूर्य बघायचा असेल तर दुर्बिणीच्या तोंडावर सूर्यासाठीचा खास फिल्टर घट्ट बसवा आणि तो शेवटपर्यंत काढू नका. नाहीतर नळीत कुणालाही डोकावू न देता सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडा. ती सगळ्यांना एकदम दिसते आणि कुणाच्या पापाची चौकशी करावी लागत नाही. जो चमत्कार एकेकट्यालाच दाखवला जातो, तो चारचौघांत तपासून घ्या.

सामी त्याच दुपारी केरळच्या बसमध्ये चढताना दिसले. पोलिसांत तक्रार नोंदवली आहे. मदुरैच्या डॉक्टरांनी मरगदमच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला गुरुवार दिला. डाव्याची नजर परत येईल का, ते सहा आठवड्यांनी सांगू, म्हणाले. त्याला आज अकरावा दिवस आहे.