पाच नंबरचा पाइप

हौसा गेली त्या सकाळी मी चार नंबरच्या पाइपावर सिमेंट लिंपत होतो. तिचा भाऊ आनंदा सायकलवरून आला आणि काहीतरी बोलला. खाणीवर ड्रिल चालवून माझे कान गेलेत. मी म्हटलं, "काय?" तो पुन्हा बोलला. मी पुन्हा विचारलं. मग त्याने सायकल खाली टाकली, माझ्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून सांगितलं, "दाजी, ताई नाय राहिली."

बहिणीचं मरण त्याला तीनदा सांगावं लागलं.

ती तापाने पनवेलच्या दवाखान्यात होती. आदल्या संध्याकाळी मला म्हणाली होती, "काम टाकून बसू नका. मी कुठं जात नाय."

आमचं काम पाण्याचं. गावाबाहेरचा रंगाचा कारखाना बंद पडला, पण त्याच्यामुळे जमिनीखालचं पाणी नासलं होतं. ते सुधारतंय का हे बघायला सरकारी माणसांनी आवारात पाच बोअर मारून लोखंडी पाइप बसवले. दर सोमवारी नमुना काढण्याआधी पाणी किती खोलावर आहे ते मोजायला मी पाइपात फीत सोडायचो. फितीच्या टोकाला पितळेचं पोकळ वजन होतं. ते पाण्याला टेकलं की डुबकन आवाज येतो. तो मला ऐकू यायचा नाही. म्हणून हौसा पाइपाच्या काठाला कान लावून बसायची आणि आवाज आला की हात वर करायची.

"तुमाला बायको नाय, कान पायजे व्हता," ती म्हणायची.

"एकाच लग्नात दोन्ही मिळालं," मी म्हणायचो.

यंदा पाणी चांगलं निघालं. पाइपांचं काम संपलं, ते तळापासून सिमेंटने भरून बंद करा असा हुकूम आला. भरण्याआधी शेवटचं एकदा पाणी मोजायचं. चार पाइप आम्ही दोघांनी मोजले. चौथा मोजला त्याच दिवशी तिला ताप चढला.

तेरावं झाल्यावर मी पाचव्यावर गेलो. सत्यजीतसाहेब आले होते, नवे इंजिनिअर, चांगला माणूस. मी झाकण काढलं, फीत सोडली, कान लावला. काहीच ऐकू आलं नाही.

साहेब माझ्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "महादेवभाऊ, मागच्याच वेळचा आकडा टाका. आता यात सिमेंटच जाणार आहे."

मी बरं म्हटलं. सिमेंट कालवलं. बादली उचलली तेव्हा पाइपाच्या काठाकडे लक्ष गेलं. सगळा काठ गंजलेला होता. फक्त एका बाजूला, वीतभर, गंज धरला नव्हता. हौसा रोज डोक्याला खोबरेल चोपडायची. कान लावताना तिचे केस तिथे टेकायचे.

मी बादली खाली ठेवली.

"मी ऐकू का?" साहेबांनी विचारलं. हे मला पुन्हा न विचारता कळलं, कारण ते माझ्याकडे बघून बोलले.

"नको," मी म्हटलं.

कालवलेलं सिमेंट आम्ही कुंपणाच्या खड्ड्यात ओतलं. मी पाइपावर झाकण ठेवलं. उद्या करतो, असं साहेबांना सांगितलं.

त्याला दोन सोमवार झाले. पाच नंबर भरायचा राहिला आहे.