पत्रिकेतलं शेवटचं नाव

मी एक लग्नपत्रिका बोलतेय. माझ्यातलं लग्न लागून चार वर्षं झाली. फोटोंचा अल्बम कपाटाच्या वरच्या फळीवर गेला, आहेराची भांडी वापरात आली. एव्हाना मी रद्दीत जायला हवं होतं. पण माझ्या पाठीवर पोलीस ठाण्याचा गोल शिक्का आहे, कोपऱ्यात दोरा ओवायचं भोक आहे, आणि बंगळूरच्या उच्च न्यायालयात एका न्यायाधीशांनी मला हातात धरून वाचलेलं आहे. इतक्या लक्षपूर्वक मला त्याआधी कोणीही वाचलं नव्हतं. लोक पत्रिकेत तारीख बघतात, जेवणाची वेळ बघतात आणि आपलं नाव शोधतात.

माझा जन्म चिकपेटचा. साड्यांच्या दुकानांमागच्या बोळात, वर्षभर फक्त पत्रिका छापणाऱ्या एका दुकानात आम्ही चारशे बहिणी एकाच दुपारी छापल्या गेलो. वर होता सुरज, वधू स्मिता. सुरजचं घराणं मूळ बेळगावकडचं. दोन पिढ्या यशवंतपुरात गेल्या, तरी पत्रिका मराठीतच हवी हा हट्ट. सुरजचे वडील हयात नव्हते, म्हणून धाकटे काका, पिराजी, सगळी धावपळ करत होते.

पिराजीकाकांनी कच्ची प्रत चार वेळा बदलून घेतली. कोणाचं नाव राहायला नको, राहिलं तर माणूस जेवून जातो पण वर्षभर बोलून दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. सर्वांत वर कैलासवासी आजी भागुबाई. मग सुरजची आई यल्लव्वा, स्वतः पिराजी, त्यांची बायको जमनाबाई, सुरजची बहीण धनलक्ष्मी, तिचा नवरा अजित. त्याखाली तिच्या दोन पोरांची ती नेहमीची लाडिक ओळ: 'आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं! राजस, ईशान.'

पिराजीकाकांची मुलगी महानंदा बरोबर आली होती. नर्सिंगचं शिकत होती. तिने प्रत वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. मग म्हणाली, "अप्पा, धनक्काचं नाव आहे, तिच्या पोरांचं आहे. मीच तेवढी उपरी?"

दुकानदाराने मान हलवली. "स्वल्पच जागा उरली आहे अण्णा, अगदी खाली." त्या स्वल्प जागेत, मुलांच्या ओळीच्याही खाली, बारीक अक्षरात 'तसेच कु. महानंदा' बसवलं गेलं. एवढ्याशा अक्षरांसाठी ती घरी जाताना केवढी खुशीत होती. पुढे याच अक्षरांवर तिची नोकरी अडकली.

बाकीच्या बहिणी आमंत्रणाला गेल्या. मला स्मिताने स्वतःसाठी ठेवून घेतलं. कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लावली आणि आपल्या कागदपत्रांच्या प्लॅस्टिक फोल्डरमध्ये, पदवीच्या सर्टिफिकेटाशेजारी मला सरकवलं. ती नागपूरची. हेब्बाळच्या ऑफिसात सुरजशी ओळख झाली, मग लग्न. कन्नड तिला रिक्षावाल्यापुरतं येई, आणि वाचता अजिबात येत नसे. लग्नाची नोंदणी करू करू म्हणत राहूनच गेली. त्यामुळे लग्न झाल्याचा तिच्याकडचा एकमेव कागद म्हणजे मी.

फोल्डर कपाटात असे, कपाट झोपायच्या खोलीत. त्यामुळे जे कोणी पाहिलं नाही ते मी ऐकलं. सुरजने पहिल्यांदा हात उचलला त्याचं निमित्त स्मिताचं फोनवरचं हसणं होतं. दुसऱ्या वेळचं मला आठवत नाही, त्यालाही आठवलं नसावं. एक गोष्ट मात्र दर वेळी तशीच व्हायची. सुरजचा आवाज चढला की बाहेरच्या खोलीत यल्लव्वा टीव्हीचा आवाज वाढवायच्या. नंतर नंतर असं झालं की टीव्ही मोठा झाला की स्मिता आधीच भिंतीला टेकून उभी राहायची.

एका मंगळवारी दुपारी तिने फोल्डर उचलला आणि घराबाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीचं नागपूरचं तिकीट काढलेलं होतं. रात्रीपुरता आसरा हवा होता. ती मागच्या गल्लीत पिराजीकाकांकडे गेली, कारण तिथे महानंदा होती. वयाने जवळची, शिकलेली, आणि नर्स.

घरात महानंदा एकटीच होती. तिने स्मिताचं मनगट बघितलं, हळूच फिरवून पाहिलं, हाड मोडलेलं नाही म्हणाली, आणि इतकी सुरेख पट्टी बांधली की स्मिताला पहिल्यांदा रडू आलं. मग ती चहा टाकायला आत गेली. आतून तिचा दबका आवाज आला. थोरल्या काकूला, म्हणजे यल्लव्वांना, ती दोडव्वा म्हणते, आणि सुरजला अण्णा.

"दोडव्वा, वहिनी इकडं आहे. काळजी करत असशील म्हणून सांगितलं. अण्णाला पाठव न्यायला."

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा स्मिताने एवढंच विचारलं, "तू फोन केलास?"

"संसार म्हटला की होतं वहिनी असं. थोडं सांभाळून घे."

तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. आपण घर जोडतोय, असंच तिला वाटत होतं. चहा निवायच्या आत सुरज दारात आला.

त्या संध्याकाळी टीव्ही बराच वेळ मोठा होता. पुढचं मी सांगत नाही. स्मिताच्या उजव्या कानाला तेव्हापासून ऐकू येत नाही, एवढंच सांगते.

तीन आठवड्यांनी ती पोलीस ठाण्यात बसली होती आणि मी टेबलावर होते. हवालदार वयस्कर होता, वाईट माणूस नव्हता. त्याने हिंदीत विचारलं, कोणाकोणाविरुद्ध. तिने सांगितलं, नवरा, सासू. मग म्हणाली, "और महानंदा." आणि त्या दुपारचा फोन सांगायला लागली.

हवालदार एका पाठकोऱ्या कागदावर टिपून घेत होता. मध्येच त्याने लग्नाचा पुरावा मागितला. तिने मला पुढे केलं. त्याने मला उलटंसुलटं केलं, चष्मा सारखा केला. देवनागरी अक्षरं त्याला लागत होती, मराठी कळत नव्हतं.

"सबका नाम डालो, मॅडम," तो म्हणाला, "नहीं तो बाद में कोर्ट बोलेगा, पहले क्यों नहीं बोला."

त्याने तो पाठकोरा कागद बाजूला सारला, नवा घेतला आणि माझ्यावरून वरून खाली नावं उतरवली. जशी मी छापलेली, त्याच क्रमाने. अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या भागुबाई आरोपी झाल्या, वय सुमारे पन्नास. सहा वर्षांचा राजस आणि चार वर्षांचा ईशान आरोपी झाले, वय सुमारे तीस. अगदी शेवटी, सुरज धरून दहाव्या क्रमांकावर, महानंदा. आणि या सगळ्यांखाली एकच वाक्य: सर्वांनी मिळून शारीरिक व मानसिक छळ केला. फोनची गोष्ट बाजूच्या कागदावर राहिली. तो कागद पुढे कोणीतरी चहाचा पेला ठेवायला घेतला.

तक्रार कन्नडमध्ये होती. हवालदाराने जिथे बोट ठेवलं तिथे स्मिताने सही केली. त्याला माझी भाषा येत नव्हती, तिला त्याची. मला दोन्हीकडचं दिसत होतं, पण पत्रिकेला छापलंय तेवढंच बोलता येतं.

आजी आणि मुलं आरोपपत्रातून गळाली. बाकीच्यांना समन्स गेलं. त्याच सुमारास महानंदाची सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून निवड झाली होती. पोलिसांकडून चौकशीचा कागद गेला, त्यात लिहिलं होतं, फौजदारी खटला प्रलंबित. नेमणूक थांबली. महिनाअखेरपर्यंत नाव निर्दोष करून आणा, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावू, असं कळवण्यात आलं.

घरच्या सगळ्यांनी उच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायाधीशांनी मूळ पत्रिका बघायला मागितली, म्हणून एक पोलीस मला फाइलमध्ये घालून त्या लाल इमारतीत घेऊन गेला. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. शेजारी महानंदा आणि तिचे वकील, योगीराज. तेही बेळगावकडचेच.

ते तिला समजावत होते. "खालच्या कोर्टात निर्दोष सुटायला सात-आठ वर्षं जातील, ताई. आपण इथं म्हणतोय, खटला उभा राहायच्या आधीच खोडून टाका. तक्रारीतला शब्दन्शब्द खरा धरला तरी तुमचा गुन्हा दिसत नाही. पत्रिका बघून नावं उतरवलीत, हे शेंबडं पोरही सांगेल."

महानंदाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणजे मला काही सांगावं लागणार नाही?"

"एक अक्षरसुद्धा नाही."

तिने सुटकेचा श्वास सोडला असेल, असं तुम्हाला वाटेल. मी इतकी जवळ होते. तिने श्वास सोडला नाही.

आत जेमतेम दहा मिनिटं लागली. योगीराजांनी तक्रार एका हातात धरली, मला दुसऱ्या, आणि नावं ओळीने वाचली. न्यायाधीशांनी मला मागून घेतलं. माझं इंग्रजी भाषांतर त्यांच्यासमोर होतंच. मुलांच्या ओळीपाशी ते थांबले आणि विचारलं, लग्नाला नक्की यायचं म्हणणारे हे दोघे आरोपी का? कोर्टात हशा पिकला. यल्लव्वासुद्धा पदराआड हसल्या. मागच्या भिंतीला टेकून स्मिता उभी होती. ती हसली नाही. कदाचित तिला नीट ऐकूच गेलं नसेल.

तिची वकीलबाई उठली. तक्रारीतल्या दहाव्या नावाबद्दल, महानंदाबद्दल, तक्रारदाराला काही सांगायचं आहे, एका फोनबद्दल, असं म्हणाली. ते तक्रारीत कुठे आहे, न्यायाधीशांनी विचारलं. जबाबात आहे का? कुठेच नव्हतं. आता इतक्या उशिरा सांगितलेलं कसं धरायचं, ते म्हणाले. रागाने नाही, थकल्यासारखे. वकीलबाई खाली बसली.

सुरज आणि यल्लव्वांचा अर्ज फेटाळला गेला. कानाच्या डॉक्टरचा कागद होता, त्यांचा खटला चालायचा होता. बाकीच्या सर्वांविरुद्धची कारवाई रद्द. लग्नपत्रिका म्हणजे आरोपींची यादी नव्हे, असं न्यायाधीशांनी लिहवून घेतलं. वाक्य खरं होतं. सुटलेल्या पाचही जणांच्या बाबतीत नव्हे, चौघांच्याच बाबतीत.

बाहेर आल्यावर पिराजीकाका सगळ्यांच्या पाया पडायच्या बेतात होते. सुरज जिना उतरून गेला. पोलीस मला घेऊन पुन्हा बाकावर टेकला, तेवढ्यात स्मिता बाकापाशी येऊन पिशवीत कागद भरू लागली. महानंदा तिच्याजवळ गेली. उजव्या बाजूला उभी राहिली आणि खाली बघत, हळू आवाजात बोलली. काय बोलली ते मला स्पष्ट ऐकू आलं. त्या दुपारपासून जे बोलायला हवं होतं तेच बोलली, सगळं, अगदी फोनसकट.

स्मिता कागद भरतच राहिली. मग शेजारी कोणी उभं आहे हे जाणवून तिने मान वळवली.

"काही म्हणालीस का? इकडून बोल. त्या कानाने येत नाही ऐकू."

महानंदा नर्स आहे. कोणता कान, कशाने, केव्हापासून, हे तिला विचारावं लागलं नाही. ती डाव्या बाजूला आली. ओठ हलले. दुसऱ्यांदा काही ते शब्द आले नाहीत.

"काही नाही, वहिनी."

स्मिताने पिशवीची चेन ओढली. "बाकीची नावं पत्रिकेवरून गेली," ती म्हणाली, "तुझं मी तोंडाने सांगितलं होतं."

मग पिशवी खांद्याला लावून ती निघून गेली. महानंदा महिना संपायच्या आत नोकरीवर रुजू झाली, हे पुढच्या तारखेला पिराजीकाका कोणाला तरी सांगताना मी ऐकलं. मुलगी फार गप्प झाली आहे, असंही ते म्हणाले. दमत असेल.

मी आता खालच्या कोर्टाच्या कपाटात असते. सुरजच्या खटल्याची तारीख आली की मला बाहेर काढतात, तारीख पुढे गेली की पुन्हा बांधतात. हळदकुंकवाची बोटं काळी पडत चालली आहेत. परवा नव्या कारकुनाने विचारलं, हा डाग रक्ताचा आहे का. कोणाला नक्की सांगता आलं नाही.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण येईल. तारीख बघा, जेवणाची वेळ बघा, आपलं नाव सापडलं तर खुशाल खूश व्हा. पण मग एकदा तिथली सगळी नावं वाचा, आणि त्यांतलं कोण दार उघडेल आणि मागून सासरी फोन करणार नाही, एवढं त्या नव्या मुलीला आधीच सांगून ठेवा. माझ्यावर तेवढं छापायला जागा उरली नव्हती.