इमरती, कचोरी आणि साबुदाण्याचं घर

मित्रांनो, या परसात मला सगळे खुराडं म्हणतात. पण माझा पत्रा जरा वाजवून पाहा, मी खरा एक जुना कूलर आहे. फ्रीगंज बाजारातल्या एका दुकानापुढे, भर रस्त्याच्या कडेला माझे पत्रे कापले, वाकवले आणि जोडले गेले. तिन्ही बाजूंना जाळ्या, त्यांत गवताच्या ताट्या आणि पुढे भला मोठा पंखा. रेल्वेतली ड्यूटी करून घामाघूम झालेले तात्या माझ्यासमोर पाय पसरून बसत आणि म्हणत, "हां, आता जिवात जीव आला." ते ऐकून मी अधिकच घरघरायचो. पुढे घरात एसी आला. माझी मोटार आणि पंखा भंगारवाल्यानं नेला आणि मी मागच्या अंगणात गंजत पडलो.

माझे दिवस पालटले ते ईरामुळे. ईरा ही तात्यांची नात, हडकुळी आणि बारा महिने सर्दीनं बेजार. डॉक्टरांनी सांगितलं, हिला अंडी द्या. या घरात अंडं कधी आलेलं नव्हतं. तिची आई प्रतिभा म्हणाली, "तात्या, बाजारातली अंडी कितीक दिवसांची असतात, काय भरवसा?" त्यावर तात्या म्हणाले, "मग आपल्याच आंगनात होऊ दे ना! चीज आपल्या नजरेसमोरची." आणि दुसऱ्याच दिवशी ते देवास गेटाकडच्या बाजारातून टोपलीत तीन तलंगा घेऊन आले. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, हे मलाही तेव्हाच कळलं.

तात्यांनी माझ्या ताट्या काढल्या, आतून बारीक जाळी ठोकली, तळाला भुसा पसरला आणि बसायला झाडूचा दांडा आडवा बांधला. सुरुवातीला त्यांनी कोंबड्यांना चक्क वरणभात वाढला, वर तुपाची धार! तिघींची पोटं बिघडली. मग विचारपूस करून मक्याचा भरडा आणि शिंपल्यांचा चुरा आला. नावं ईरानं ठेवली. तांबडी ती जिलबीसारख्या मिठाईवरून इमरती, गोल गरगरीत ती कचोरी आणि पांढरी ती साबुदाणा. उपासाच्या पदार्थाचं नाव कोंबडीला, म्हणून प्रतिभा आधी रागावली आणि मग तिलाच हसू आवरेना.

पहिलं अंडं कचोरीनं दिलं. ईरानं ते खाल्लंच नाही, तात्यांच्या तळहातावर ठेवलं. जन्मात अंड्याला न शिवलेले तात्या ते गरम अंडं धरून कितीतरी वेळ बसून राहिले. नंतर परसातच वेगळी शेगडी आणि वेगळी कढई आली. ईराच्या गालांवर रंग चढला. तात्या रोज संध्याकाळी खुर्ची टाकून तिघींशी गप्पा मारत. मित्रांनो, मी कुणाच्या तरी पुन्हा कामी येत होतो. मला फार सुख वाटायचं.

मग तात्यांची पंचाहत्तरी आली. ऐन नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, मे महिन्याचा शेवट, बाहेर लूच्या गरम झळा वाहत होत्या. घरी सत्यनारायण होता आणि देवासहून तात्यांची थोरली बहीण अक्का येणार होती. अक्कांचं सोवळं सगळ्या गोतावळ्यात गाजलेलं. तात्यांनी सकाळीच मला कडुनिंबाच्या सावलीतून ओढत भिंतीच्या कोपऱ्यात नेलं आणि माझ्यावर जाड सतरंजी टाकली. कोंबड्या दिसू नयेत आणि त्यांचा आवाजही येऊ नये म्हणून.

सावली भिंतीवरून सरकली. पत्रा तापला. वाटीतलं पाणी संपलं. आत तिघी चोची उघडून धापा टाकत होत्या. घरातून आरतीचा आवाज येत होता. ईरानं मागच्या दारातून दोनदा विचारलं, "तात्या, त्यांना पानी देऊ?" तात्या दबक्या आवाजात म्हणाले, "पाहुणे जाऊ दे, बेटा." माझ्यात पंखा असता तर! पण मी नुसता पत्रा होतो. आधी साबुदाणा पडली. मग इमरती. कचोरी बराच वेळ जाळीशी मान टेकवून उभी होती.

जेवणं झाल्यावर अक्का स्वतःच परसात आल्या. पदरात त्यांनी ज्वारी बांधून आणली होती. "अरे तात्या, तुझ्या त्या कोंबड्या कुठेत? ईरा रोज फोनवर सांगते. मला देखू तर दे."

तात्यांनी सतरंजी उचलली.

अक्कांच्या पदरातली ज्वारी खाली सांडली. "माझ्या भीतीनं झाकलंस? अरे, पोरीच्या तब्येतीपुढे माझं सोवळं काय घेऊन बसलास?" ईरा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. तिनं कचोरीची चोच पाण्यात बुडवली, पुन्हा बुडवली. मग विचारलं, "तात्या, यांची काय गलती होती?"

"काही नाही, बेटा. मलाच यांची लाज वाटली," तात्या म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

त्या दिवसापासून मी रिकामा आहे. ईरा माझ्याकडे बघत नाही. तात्या संध्याकाळी खुर्ची टाकतात, पण बोलत नाहीत. मित्रांनो, उद्या तुम्हीही एखादा जीव घरी आणाल. आधी स्वतःला विचारा, चार लोकांसमोर याला 'आमचा' म्हणता येईल ना? येणार नसेल तर आणू नका. दाणा, पाणी, माया, सगळं तात्यांनी दिलं होतं. तेवढं एक राहून गेलं.